शून्य म्हणजे ठीक

उपबाजाराच्या पत्र्याखाली
लागोपाठ तीन नावं पुकारली,
तिघांच्याही सोयाबीनची ओल सतरा पूर्णांक आठ.
कौतिका तायडेंनी आपल्या पोत्यातून एक दाणा उचलला,
दाढेखाली धरला.
कट्ट.
"वाळेल दाण्याचा आवाज हाय हा," त्या म्हणाल्या,
"तुही मशीन कोनाचा दाना चावून रायली, पोरी?"

मापाड्यानं माझ्याकडे पाहिलं.
ड्रायव्हर माझाच होता.

रात्री बाराशे ओळी उघडून बसले.
प्रोबची तार उंदरानं कुरतडलेली; ती ऐन वेळी गप्प व्हायची.
माझा कोड दोनशे मिलिसेकंद वाट पाहायचा
आणि मग शून्य परत करायचा.
कर्नलच्या लेखी शून्य म्हणजे ठीक, काम झालं.
वरच्यानं विश्वासानं बफरमध्ये हात घातला,
हाताला लागला आधीच्या माणसाचा आकडा.
शेजारी माझीच टीप, दोन वर्षांपूर्वीची,
डेमोच्या आदल्या रात्रीची:
हे पुढे बघू.

बाबा जागेच होते. दौलत भोयर, लाइनमन, दारव्हा सेक्शन, आता निवृत्त.
त्यांना सांगितलं, तार बोलत नाही तर पुन्हा विचारते,
पण किती वेळा विचारायचं?
"लाइन ट्रिप झाली का आमी तीनडाव चार्ज करून पायचो.
चवथ्या डावाले नाई.
चवथ्या डावाले टॉर्च घ्याचा अन् खांबोखांब चालाचं."

मी तीन लिहिले.
त्यानंतर शून्य नाही, ऋण आकडा,
जो वर, आणखी वर, थेट पडद्यापर्यंत जाईल
आणि मधे कोणी त्याला खिशात घालणार नाही.

मग दुसरी भानगड निघाली.
मी आधी मेमरी घेते, मग इंटरप्ट, मग पोर्ट.
पोर्ट नाही मिळालं तर नुसतीच परत फिरते,
घेतलेलं सगळं तसंच मुठीत.
बाबा म्हणाले, स्विच काढला, अर्थिंग टाकलं, मग चढलो;
उतरल्यावर आधी अर्थिंग काढाचं, मग स्विच द्याचा.
जे शेवटी केलं ते आधी सोडाचं.
"एका पोरानं उलटं केलं होतं," म्हणाले,
आणि पाणी प्यायला उठले.
त्या पोराचं नाव ते घेत नाहीत.

चुकीची वाट म्हणजे पांदण.
वर्षभर कोणी फिरकत नाही, बाभळी दोन्हीकडून मिटत येतात,
आणि ज्या दिवशी डांबरी रस्ता बंद
त्याच दिवशी बैलगाडी तिथून न्यायची असते.
म्हणून आम्ही मुद्दाम चाललो.
बाबांच्या हातात तार, माझ्यासमोर लॉग.
"काढू?"
"काढा."
चाळीस वेळा. एकतिसाव्या वेळी मशीन थिजलं:
एक कुलूप लावलं होतं, परतताना उघडायचं राहिलं.
कोंबडा आरवेपर्यंत तेही सापडलं.

"अज्ञात त्रुटी" पुसून टाकलं.
अज्ञात कोणाला? मला तर ज्ञात आहे.
लिहिलं: मोजता आलं नाही. प्रोबची तार पाहा.

मंगळवारी पडद्यावर नेमकं तेच आलं.
रांग थांबली. ट्रॅक्टरवाले ओरडले.
मापाडी तार बदलत पुटपुटला,
"याच्यापेक्षा पयलं बरं होतं, आकडा तरी देत होतं."
त्याचंही खरं होतं, त्याला संध्याकाळपर्यंत दीडशे पोती मोजायची होती.

मागच्या मंगळवारची कपात
माझ्या कुठल्याही ओळीनं परत आली नाही.
समितीला अर्ज दिलाय, तिघांच्या सहीनं,
माझी चौथी.

कौतिकाबाईंच्या नव्या पोत्याची ओल दहा पूर्णांक नऊ निघाली.
त्यांनी आकडा पाहिला, मान हलवली,
आणि तरीही एक दाणा उचलून
दाढेखाली धरला.